‘हे कशावरून?’ : मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाविषयी वाचकांचे प्रश्न

महाविद्यालयांचे पहिले सत्र निम्म्यावर आले की या सदराकडे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतील सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न छापता केवळ गाव दिले असून लांब पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माणसे अशी का वागतात हे समजून घ्यायचे म्हणून मी मानसशास्त्र हा मुख्य विषय घेतला. स्वप्ने, स्वभाव, नातेसंबंध यांविषयी शिकायला मिळेल असे वाटले होते. प्रत्यक्षात आतापर्यंत संशोधन पद्धती आणि मज्जासंस्था हेच चालू आहे. परिवर्त्ये, नियंत्रित गट, सहसंबंध यांत माझे मन रमत नाही. वेळ आहे तोवर विषय बदलावा का?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : तुमच्यासारखी तक्रार दरवर्षी येते आणि ती रास्तही आहे, कारण संशोधन पद्धतीचा घटक बहुतेक ठिकाणी व्याख्या पाठ करून घेण्यापुरताच शिकवला जातो. मात्र मानसशास्त्राला कीर्तन-प्रवचनातील मनोबोधापासून वेगळे काढणारी गोष्ट कोणती असेल, तर ती हाच घटक आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा सुरू केली, तेथून या विषयाचा इतिहास मोजण्याचे कारणही तेच आहे. मनाविषयीचे विचार त्याआधी हजारो वर्षे होतेच; ते तपासून पाहण्याची रीत मात्र नवी होती.

ही रीत आपल्या गावातल्याच एका समजुतीवर चालवून पाहू. अवसे-पुनवेला मनोरुग्णांचा त्रास वाढतो, असे आपल्याकडे अनेक घरांत ठामपणे सांगितले जाते. सांगणारा खोटे बोलत नसतो. शेजारचा कोणी त्या दिवशी कसा बिथरला होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. आता एका कागदावर चार चौकोन आखा. पहिल्यात पुनव होती आणि त्रास वाढला असे दिवस, दुसऱ्यात पुनव होती पण त्रास वाढला नाही असे दिवस, तिसऱ्यात पुनव नव्हती तरी त्रास वाढला असे दिवस आणि चौथ्यात यांपैकी काहीच घडले नाही असे दिवस लिहायचे आहेत. आपल्या आठवणीत फक्त पहिला चौकोन भरलेला असतो. उरलेले तीन भरायचे, तर वर्षभराची नोंदवही हवी.

नोंद ठेवायला बसलात की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. ‘त्रास वाढला’ म्हणजे नेमके काय झाले? झोप लागली नाही, आरडाओरड झाली, की औषध वाढवावे लागले? हे आधीच ठरवले नाही, तर पुनवेच्या रात्रीची साधी कुरबुरही ‘त्रास’ म्हणून नोंदवली जाईल आणि एरवीची तशीच कुरबुर सोडून दिली जाईल. म्हणूनच नोंद करणाऱ्याला त्या दिवसाची तिथी ठाऊक नसलेली बरी. एवढे करून संबंध दिसलाच, तरी त्याचे कारण चंद्रच असेल असे नाही. त्या दिवशी घरात उपवास, जागरण किंवा देवकार्य असेल, झोपेची आणि औषधाची वेळ चुकली असेल, किंवा घरचे लोक काहीतरी होणार या धास्तीने रुग्णाकडे अधिक बारकाईने पाहत असतील. पौर्णिमेबाबत अशा नोंदी अनेक ठिकाणी तपासल्या गेल्या असून बहुतेक अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही.

परिवर्त्याची कार्यात्मक व्याख्या (म्हणजे ‘त्रास’ नेमका कशाला म्हणायचे हे आधी ठरवणे), निरीक्षकाचा पूर्वग्रह, सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक, हे सगळे या एका उदाहरणात येऊन गेले. हे चार चौकोन भरावेसे तुम्हाला वाटले असतील, तर विषय मुळीच बदलू नका. हे वाचूनही कंटाळाच आला असेल, तर साहित्याकडे किंवा समाजशास्त्राकडे वळण्यात कमीपणा काही नाही. माणसाच्या वागण्याविषयीचे कुतूहल तेथेही उपयोगी पडते. स्वप्नांचे म्हणाल, तर पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याला फारशी पाने येत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

प्रश्न : स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा प्रयोग आम्हाला शिकवला आणि पुढच्याच तासाला सरांनी सांगितले की त्यावर फारसा विश्वास ठेवू नका. मग परीक्षेत नेमके काय लिहायचे?
— एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : दोन्ही लिहायचे. ऑगस्ट १९७१ मध्ये फिलिप झिंबार्डो यांनी विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी अशा भूमिका देऊन हा प्रयोग आरंभला आणि दोन आठवड्यांसाठी आखलेला हा प्रयोग सहाव्या दिवशी थांबवावा लागला, इतका भाग वर्णनाचा झाला. पहारेकऱ्यांनी कठोरपणे वागावे अशा सूचना त्यांना संयोजकांकडूनच मिळाल्या होत्या, हे नंतर ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासल्यावर पुढे आले. त्यामुळे ‘परिस्थितीच माणसाला क्रूर बनवते’ हा निष्कर्ष त्या प्रयोगातून काढता येत नाही. तुलनेसाठी नियंत्रित गटही त्यात नव्हता. एवढे लिहिणारा विद्यार्थी पाठांतर करणाऱ्यापेक्षा निश्चितच पुढे असतो.

जाता जाता आणखी एक नोंद करून ठेवा. २०१५ साली अनेक संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीला उतरले होते, तर पुनरावृत्तीत ३६ टक्केच उतरले. विषयाची ही नामुष्की आहे असे काहींना वाटते. मला मात्र, स्वतःच्या घराची अशी झडती घेऊन ती जाहीरपणे छापणाऱ्या विषयाबद्दल आदरच वाटतो.

प्रश्न : मी धडा तीन-तीन वेळा वाचते, पिवळ्या-गुलाबी रंगांनी ओळी रंगवते, वाचताना सगळे समजतेही, पण इंटर्नलच्या दिवशी कागद समोर आला की नावे आणि सिद्धांत यांचा गोंधळ होतो. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
— एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : स्मरणशक्तीला दोष देण्याआधी तुमच्या पुस्तकातला स्मृतीचा घटक स्वतःला लावून पाहा. चवथीच्या दिवसांत घुमटाच्या तालावर सगळ्यांबरोबर आरत्या म्हणताना कोठेच न अडखळणारा माणूस, त्याच आरत्या एकट्याने म्हणायची वेळ आली की तिसऱ्या कडव्याला थबकतो. समोर आलेले ओळखणे आणि समोर काही नसताना आतून काढून आणणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. रंगवलेली ओळ तिसऱ्यांदा वाचताना तुम्ही ती ओळखत असता. परीक्षेत मात्र तुम्हाला ती आठवावी लागते, आणि त्याचा सराव तुम्ही केलेलाच नसतो.

हे नुसते तर्काने सांगत नाही. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पहिल्या पाच मिनिटांतील त्या आघाडीनेच विद्यार्थी फसतात. पुस्तक मिटताना सगळे पाठ झाल्यासारखे वाटते आणि त्याच भरवशावर ते निजतात.

दुसरी गोष्ट वेळेच्या वाटणीची. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करून विस्मरणाचे जे मोजमाप केले, ते १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्यांदा पाठ करताना किती श्रम वाचले, हे ते मोजत असत. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो. (या आकड्यांचा अर्थ ‘महिन्याने २१ टक्के लक्षात राहते’ असा अनेक मार्गदर्शिकांत छापलेला असतो, तो चुकीचा आहे. तसे उत्तरपत्रिकेत लिहू नका.)

म्हणून धडा ज्या दिवशी शिकवला त्याच संध्याकाळी, पुस्तक न उघडता, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावे. दोन दिवसांनी पुन्हा तेच करावे, आणि नंतर आठवड्याने. वाळपईहून बसने ये-जा करीत असाल, तर प्रवासात मैत्रिणीने एक संज्ञा सांगावी आणि तुम्ही तिचे पुस्तकात नसलेले उदाहरण द्यावे. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत गल्लत करणारे विद्यार्थी अर्ध्याहून अधिक असावेत, असा माझा अंदाज आहे. पण गाडीत पट्टा लावल्यावर थांबणारी पीं-पीं आणि पट्टा न लावल्याबद्दल भरावा लागणारा दंड, ही जोडी ज्याने स्वतः शोधून काढली, त्याची गल्लत सहसा होत नाही. पहिल्यात त्रासदायक गोष्ट दूर होऊन पट्टा लावण्याचे वर्तन वाढते. दुसऱ्यात त्रासदायक गोष्ट पदरी पडून पट्टा न लावण्याचे वर्तन घटते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातीचे मानसशास्त्राचे पुस्तक चाळले, पण त्यात आमच्या आबे फारियांचे नाव कोठेच नाही. संमोहनाचा पाया घालणारा गोमंतकीय माणूस गोव्यातल्या विद्यार्थ्यांना माहीत नसावा, हे बरे आहे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बरे नाही, हे मान्य. पण गुरुजी, फारियांचे थोरपण आपण बहुधा चुकीच्या जागी शोधतो. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले जुझे कुस्तोदियु द फारिया लहानपणीच वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. त्या काळी फ्रांट्स मेस्मर यांच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’चा बोलबाला होता. उपचार करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य प्रवाह निघून रुग्णात शिरतो, असे मेस्मरपंथी मानत. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या मंडळाने या दाव्याची परीक्षा घेतली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे त्या मंडळाचे सदस्य होते. बागेतील एका झाडाला चुंबकत्व ‘दिले’ गेले आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडाझाडांपाशी नेण्यात आले. तो मूर्च्छित झाला तो भलत्याच झाडापाशी. प्रवाहाचे अस्तित्व नाकारून मंडळाने हा कल्पनाशक्तीचा परिणाम ठरवला आणि प्रकरण तेथेच मिटवले.

फारियांनी मंडळाने सोडलेला धागा उचलला. प्रवाह नाही हे खरे. पण मग त्या माणसाला झोप लागते ती का? कारण प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या मनात आहे, त्याच्या एकाग्रतेत, अपेक्षेत आणि त्याला दिलेल्या सूचनेत आहे, असे त्यांनी मांडले. १८१९ साली, म्हणजे ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी, त्यांचे हे विवेचन ग्रंथरूपाने बाहेर आले. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी असलेला त्यांचा पुतळा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ साली उभारलेला हा पुतळा शिल्प म्हणून देखणाच आहे. परंतु खाली कलणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात रोखून उभे असलेले फारिया पाहून कोणालाही वाटेल की शक्ती त्या हातांतून निघते आहे. फारियांनी आयुष्याच्या अखेरीस खोडून काढलेली समजूत ती हीच.

तरीही पाठ्यपुस्तके फारियांपासून सुरू न होता वुंटपासून का सुरू होतात, याचे उत्तर डिचोलीच्या विद्यार्थिनीला दिलेल्या उत्तरात आहे. फारियांकडे सूक्ष्म निरीक्षण होते, निर्भीड तर्क होता. मोजमाप आणि तुलना नव्हती. नातीला पणजीला नेऊन पुतळा अवश्य दाखवा, आणि त्या झाडांचा प्रयोगही सांगा. परिणाम अपेक्षेचा की उपचाराचा, हे वेगळे काढण्यासाठी आज औषधांच्या चाचण्यांतही रुग्णाला आपण कोणते औषध घेतो हे कळू दिले जात नाही; त्या पद्धतीचे एक फार जुने उदाहरण ते झाड आहे.

प्रश्न : मुलगा मानसशास्त्र घेऊन बी.ए. करतो आहे. पदवी मिळताच समुपदेशक म्हणून पाटी लावता येईल असे तो म्हणतो. हे खरे आहे का? नाहीतर पुढचे शिक्षण दूरशिक्षणाने घेतले तर चालेल का?
— एक पालक, फोंडा

उत्तर : केवळ बी.ए.च्या जोरावर कोणावर उपचार करू नयेत. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो आणि औषधे देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचा समावेश असलेला पदव्युत्तर स्तरावरील अभ्यासक्रम पूर्ण करून १९९२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. या अभ्यासक्रमांचे स्वरूप सध्या बदलत आहे. त्यामुळे जाहिरातीवर न विसंबता परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची ताजी यादी पाहावी. दूरशिक्षणाचा मार्ग तर आता बंदच समजा : २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगाने काढला आहे.

याचा अर्थ पदवीधराला करण्यासारखे काही नाही, असा मात्र नव्हे. गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ या अभ्यासात, मानसिक आरोग्याची कोणतीही पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना नैराश्य व चिंतेच्या रुग्णांबरोबर काम करायला नेमले होते. सरकारी आरोग्य केंद्रांत अशा रुग्णांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले. जेथे असे समुपदेशक नव्हते तेथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र हा फरक दिसला नाही, कारण तेथील तुलनेच्या गटातले रुग्णही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात बरे झाले होते. मुलाला हे दोन्ही निकाल वाचायला सांगा. त्या समुपदेशकांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञाची देखरेख होती आणि आपले काम कोठे संपते हे त्यांना ठरवून दिलेले होते. स्वतंत्र पाटी लावणे ही त्याहून अगदी निराळी गोष्ट आहे.

प्रश्न : प्रात्यक्षिकात आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा प्रयोग होता. उजव्या हाताच्या सरावानंतर डाव्या हाताच्या चुका कमी व्हायला हव्या होत्या. माझ्या प्रयुक्ताच्या, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्याच्या, बाबतीत त्या वाढल्या. वर्गातील बऱ्याच जणांनी आकडे जुळवून घेतले आहेत. मीही जर्नलमध्ये तसेच लिहू का?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : लिहू नका. तुमच्या वहीतले आकडे जुळवलेल्या वह्यांपेक्षा अधिक वाचनीय आहेत.

ज्यांनी हा प्रयोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फळीवर दुहेरी रेघांची चांदणी असते, समोर आरसा उभा असतो, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये आडोसा असतो. प्रयुक्ताने आरशात पाहत, रेघांना स्पर्श न करता, त्यांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या कोपऱ्यावरच हात उलट्या दिशेला जातो, पेन्सिल एका जागी थरथरते आणि शहाणा माणूसही स्वतःवर चिडतो. प्रथम डावा हात, मग उजव्या हाताचे अनेक प्रयत्न, शेवटी पुन्हा डावा हात, असा क्रम ठेवून एका हाताने शिकलेले दुसऱ्या हाताला किती मिळते हे पाहतात.

याच चांदणीने स्मृतीच्या अभ्यासात मोठी भर घातली. हेन्री मोलेसन यांच्यावर अपस्मारासाठी १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पससह काही भाग काढल्यामुळे त्यांची नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गेली. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांच्याकडून तीन दिवस ही चांदणी गिरवून घेतली. रोज चुका कमी होत गेल्या, आणि रोज मोलेसन यांना हा प्रकार आपण पहिल्यांदाच करतो आहोत असे वाटत होते. हाताने शिकणे आणि शिकल्याचे आठवणे यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, हे त्यातून दिसले. २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पुस्तकांत त्यांचा उल्लेख केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी होत असे.

आता तुमच्या तक्त्याकडे वळू. चुकांच्या शेजारी वेळेचा रकाना आहे, तो आधी पाहा. शेवटच्या प्रयत्नात डाव्या हाताचा वेळ बराच घटला असेल, तर तुमच्या प्रयुक्ताने घाई केली आणि अचूकता देऊन वेग मिळवला, असा अर्थ निघतो. वेळही वाढला असेल, तर थकवा किंवा कंटाळा यांचा विचार करावा लागेल. उजव्या हाताचे शेवटचे दोन-तीन प्रयत्न आधीच्यांपेक्षा बिघडले आहेत का, यावरून ते कळेल. सगळ्यांना सारखीच सूचना दिली होती का, ‘लवकर करा’ म्हटले होते की ‘चुकू नका’, हेही नोंदवा. शिवाय एका प्रयुक्ताच्या एका प्रयत्नावरून सिद्धांत खरा किंवा खोटा ठरत नाही, हे वाक्य चर्चेच्या परिच्छेदात असू द्या. ज्यांच्या वहीत चुका कमी झाल्या आहेत, त्यांनाही ते लागू आहे : त्यांच्या प्रयुक्ताचा डावा हात पहिल्या प्रयत्नातूनच शिकला असेल आणि उजव्याच्या सरावाचा त्यात काही वाटा नसेल.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारले, तर हीच कारणे क्रमाने सांगा. आणि प्रयोगशाळा मोकळी मिळाली तर आणखी एक प्रयुक्त बसवा. त्याला उजव्या हाताचा सराव न देता तेवढाच वेळ नुसते बसू द्या, मग डाव्या हाताने दुसऱ्यांदा चांदणी गिरवून घ्या आणि दोन्ही तक्ते जर्नलमध्ये शेजारी-शेजारी लावा.